धूम्रपानाचें बंधन आणि त्यांतून सुटका

(नभोवाणीवरील भाषण)

धूम्रपान वाईट आहे हें आज कोणाला नव्यानें सांगावें लागत नाहीं. सिगारेटच्या पाकिटावर आणि विडीच्या बंडलावर तें छापलेलें असतें, चित्रासह छापलेलें असतें; आणि ओढणारा मनुष्य तें पाकीट हातांत धरूनच ओढीत असतो. एखादी गोष्ट माहीत असणें आणि ती समजणें यांत जें अंतर आहे, तें शाळेंत शिकविलेल्या प्रत्येकास ठाऊक असतें. नियम घडाघडा म्हणून दाखविणारा विद्यार्थी आणि उदाहरण सोडवून दाखविणारा विद्यार्थी हे पुष्कळदां निरनिराळे असतात. म्हणून आज मी कोणाची निंदा करणार नाहीं, आणि केवळ भीतीहि घालणार नाहीं. तंबाखूचा धूर शरीरांत गेल्यावर तेथें काय घडतें, ही सवय सोडणें इतकें कठीण कां जातें, आणि कठीण असूनहि ती सुटते कशी, या तीन प्रश्नांचीं उत्तरें शक्य तितक्या सोप्या रीतीनें आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

तंबाखू ही मूळची आपल्या भूमींतील वनस्पति नव्हे. ती अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली व तेथून दख्खनेंत पसरली. अकबर बादशहाचा असदबेग नांवाचा सरदार इ. स. १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें एक नवलाईची वस्तु म्हणून तंबाखू व ती ओढण्याची शृंगारलेली नळी बादशहापुढें ठेविली. दरबारच्या हकिमानें त्याच वेळीं हरकत घेतली. ज्या वस्तूविषयीं आपल्या जाणत्यांनीं कांहींच लिहून ठेविलेलें नाहीं, ती बादशहानें घेऊं नये, असें त्याचें म्हणणें होतें. पुढें जहांगिरानें १६१७ सालीं तंबाखू ओढण्यास मनाई केली. तिकडे इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ सालींच तंबाखूच्या विरुद्ध एक पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली होती. म्हणजे शंका ४०० वर्षांची जुनी आहे. परंतु शंका म्हणजे पुरावा नव्हे. आणि पुरावा न देतां केलेल्या आज्ञा लोक फार दिवस पाळीत नाहींत.

तो पुरावा मिळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १८८० च्या सुमारास अमेरिकेंत सिगारेटी वळण्याचें यंत्र निघालें आणि जी वस्तु चैनीची होती ती स्वस्त व सर्वत्र सुलभ झाली. त्यानंतर कांहीं दशकांनीं पूर्वीं क्वचितच आढळणारा फुप्फुसाचा कर्करोग पाश्चात्य देशांत झपाट्यानें वाढूं लागला. कोणी मोटारींच्या धुरास दोष दिला, कोणी रस्त्यावरील डांबरास. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोन इंग्रज संशोधकांनीं लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांची कसोशीनें चौकशी करून १९५० सालीं दाखवून दिलें कीं, दोष सिगारेटचा आहे. डॉल हे स्वतः सिगारेट ओढीत असत. आंकडे हातीं येऊं लागतांच त्यांनीं ती सोडली. पुढें १९५१ पासून सुमारें ४०,००० ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींची व मृत्यूंची नोंद ठेवण्यास आरंभ झाला व ती पन्नास वर्षें चालली. तिचा २००४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, जन्मभर सिगारेट ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्यापेक्षां सरासरीनें सुमारें १० वर्षें आधीं मृत्यु पावतो. याच नोंदवहींत आणखीहि एक हिशेब आहे. तो आशेचा आहे, म्हणून तो शेवटाकडे सांगेन.

आतां धुराकडे वळूं. तंबाखू जळतांना जो धूर निघतो त्यांत ७,००० हून अधिक रसायनें सांपडलीं असून त्यांतील सुमारें ७० कर्करोग उत्पन्न करणारीं आहेत. इतकीं नांवें लक्षांत ठेवण्याचें कारण नाहीं. तिघांची ओळख करून घेतली म्हणजे पुरे: निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड वायु आणि डांबरासारखा चिकट कीट. निकोटिन मनुष्याला बांधून ठेवतें. वायु रक्त व हृदय यांना पीडतो. आणि कीट फुप्फुसाची नासाडी करतो. बांधणारा एक आणि मारणारे दुसरे, हा भेद ध्यानांत ठेवावा. सवय सोडण्याच्या उपायांत त्याचा पुढें उपयोग होणार आहे.

श्वासनलिकेच्या आंतील अस्तरावर अतिसूक्ष्म केसांचें एक दाट कुरण असतें. हे केस शेतांतील पिकाप्रमाणें सतत एकाच दिशेनें, घशाकडे, लहरत असतात. श्वासाबरोबर आलेली धूळ व जंतु तेथील चिकट द्रवांत अडकतात आणि हे केस तो द्रव हळूहळू वर ढकलीत नेतात. झाडलोट करणाऱ्यांची ही फलटण अहोरात्र काम करते, म्हणून आपलीं फुप्फुसें स्वच्छ राहतात. तंबाखूच्या धुरानें हे केस प्रथम सुस्त होतात, मग आंखूड होतात व अखेर ठिकठिकाणीं नाहींसे होतात. उलट धुराच्या टोंचणीनें चिकट द्रव मात्र पूर्वींपेक्षां अधिक पाझरूं लागतो. झाडणारे कमी झाले आणि केर वाढला, तर तो बाहेर काढण्यास एकच मार्ग उरतो, तो खोकल्याचा. सकाळीं उठल्याबरोबर येणारी खोकल्याची जी उबळ ओढणारे लोक 'नेहमींचीच' म्हणून सोडून देतात, तिचा अर्थ हा आहे.

श्वासनलिकेच्या फांद्या फुटत फुटत शेवटीं द्राक्षांच्या घडासारख्या अतिसूक्ष्म हवेच्या पिशव्यांपाशीं पोंचतात. अशा कोट्यवधि पिशव्या आपल्या छातींत आहेत. त्या सर्व उलगडून पसरल्या, तर सुमारें ७० चौरस मीटर जागा व्यापतील. एखाद्या मध्यम बिऱ्हाडाची जमीन जेवढी तेवढी. याच पातळ पडद्यांतून प्राणवायु रक्तांत उतरतो. धुरामुळें या पिशव्यांच्या भिंती विरत जातात. लहान लहान अनेक पिशव्यांच्या जागीं ढिल्या मोठ्या पोकळ्या तयार होतात आणि श्वास घेण्याची जागा उणी होते. आरंभीं हें कळतच नाहीं, कारण निसर्गानें आपणांस गरजेपेक्षां बरीच अधिक शक्ति दिलेली आहे. चाळीशींत जिना चढतांना किंचित् थांबावें लागतें, पन्नाशींत बाजाराची पिशवी जड वाटूं लागते, आणि साठीनंतर अंगांत सदरा घालण्याच्या श्रमानेंहि धाप लागते. विरलेल्या भिंती पुन्हां उभ्या राहत नाहींत. परंतु धूर बंद झाला कीं पुढील नासाडीचा वेग मंदावतो, व फुप्फुसें बहुधा वयोमानानुसार होणाऱ्या झिजेच्याच गतीनें झिजूं लागतात. म्हणून या रोगांत काल सोडणें सर्वांत चांगलें, आणि त्याखालोखाल आज सोडणें चांगलें.

कार्बन मोनॉक्साइडची करणी निराळी आहे. रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायूला पाठीवर घेऊन शरीरभर पोंचवितें. परंतु त्याच द्रव्याला या विषारी वायूची ओढ प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक असते. गाडींतील बैठका एकदां अशा फुकट्यांनीं अडविल्या, कीं खऱ्या उतारूला जागा कोठली? मग थोडा प्राणवायु पुष्कळ ठिकाणीं पोंचविण्यासाठीं हृदयाला अधिक वेगानें काम करावें लागतें. त्याच वेळीं निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतें, धुरांतील इतर द्रव्यें त्यांच्या आंतील गुळगुळीत अस्तरास इजा करतात, आणि रक्त गोठण्याकडे अधिक झुकतें. हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांची पूर्वतयारी ती हीच.

हातापायांच्या रक्तवाहिन्यांवर होणाऱ्या परिणामाचें एक भयानक रूप आपल्या देशांत विशेष दिसतें. लिओ ब्युर्गर या शस्त्रवैद्यानें १९०८ सालीं त्याचें सविस्तर वर्णन केलें, म्हणून तो रोग त्याच्या नांवानें ओळखला जातो. तो बहुधा ४५ वर्षांच्या आंतील विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना होतो. चालतांना पोटऱ्या दुखतात, पायाचीं बोटें थंड पडतात, रात्रीं असह्य ठणका लागतो, मग बोट काळें पडतें आणि तें कापावें लागतें. या रोगाची लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, तंबाखू पूर्णपणें सुटली तर तो बहुधा तेथेंच थांबतो. आणि दिवसाला एकदोन विड्या चालू राहिल्या तरी तो पुढें सरकत राहतो.

कर्करोगाविषयीं थोडक्यांत सांगतों. धुरांतील द्रव्यें पेशींच्या गर्भांतील सूक्ष्म आज्ञापत्रांत चुका करून ठेवतात. शरीर त्यांतील पुष्कळ चुका दुरुस्त करतें; परंतु वर्षानुवर्षें रोज नव्या चुका होत राहिल्या म्हणजे एखादी निसटते, आणि ती पेशी कोणाचा धाक न मानतां वाढूं लागते. फुप्फुसाप्रमाणेंच तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, स्वादुपिंड व मूत्राशय या ठिकाणींहि असें घडतें. मूत्राशयाला धूर कसा लागला, असें कोणी विचारील. रक्तांत शिरलेलीं विषें शेवटीं मूत्रावाटेंच बाहेर पडतात व तेथें कांहीं काळ साठून राहतात, हें त्याचें उत्तर. आपल्याकडे याच्या जोडीला क्षय आहे. धूम्रपान करणाऱ्यास क्षयरोग जडण्याचा संभव न करणाऱ्याच्या सुमारें दुप्पट असतो, आणि क्षयावर औषध घेत असतांहि जो ओढीत राहतो त्याचा रोग हटण्यास अधिक अडचण पडते.

विडी ही सौम्य आणि नैसर्गिक, असा एक समज सुशिक्षितांतहि आहे. विडींत तंबाखू थोडी असते हें खरें. पण ती ज्या तेंदूच्या पानांत वळलेली असते, तें पान सिगारेटच्या कागदासारखें सच्छिद्र नसतें. त्यामुळें ती सारखी विझूं पाहते आणि ती पेटती ठेवण्यासाठीं वरचेवर व जोरानें झुरके घ्यावे लागतात. सारांश, चिमूटभर तंबाखूंतून सिगारेटइतकें, किंबहुना अधिक, निकोटिन व कीट छातींत उतरतें. भारतांतील ११ लाख घरांची पाहणी करून २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत असें आढळलें कीं, विडी ओढणाऱ्या पुरुषांच्या आयुष्यांतून सुमारें ६ वर्षें, विडी ओढणाऱ्या स्त्रियांच्या आयुष्यांतून सुमारें ८ वर्षें, आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या आयुष्यांतून सुमारें १० वर्षें कमी होतात. सिन्नर व सोलापूर येथील हजारों स्त्रियांचें पोट विड्या वळण्यावर चालतें, ही गोष्ट मी विसरलेलों नाहीं. त्यांना दुसरा धंदा मिळाला पाहिजे, हा समाजाच्या कर्तव्याचा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु त्यामुळें धुराचा गुणधर्म बदलत नाहीं.

'मी दिवसाला दोनतीनच ओढतों,' हें समर्थनहि वारंवार ऐकूं येतें. कर्करोगाचा धोका संख्येबरोबर पुष्कळसा वाढतो व उतरतो. हृदयाचा हिशेब मात्र तसा नाहीं. २० सिगारेटींनीं हृदयविकाराचा जो जादा धोका उत्पन्न होतो, त्याच्या सुमारें निम्मा पुरुषांमध्यें आणि सुमारें एक-तृतीयांश स्त्रियांमध्यें केवळ एका सिगारेटीनें उत्पन्न होतो, असें २०१८ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून दाखविण्यांत आलें आहे. विसावरून एकावर येणें म्हणजे विसांतील एकोणीस भाग संकट टळलें, असा त्रैराशिकाचा हिशेब येथें लागू पडत नाहीं. बोंडी लावलेल्या सिगारेटीचीहि तीच कथा. निकोटिन कमी पडलें कीं ओढणारा नकळत अधिक खोल व अधिक वेळां झुरका घेतो आणि आपली भरपाई करून घेतो.

धूर ओढणाऱ्याच्या छातीपुरता राहत नाहीं. जपानमध्यें ताकेशी हिरायामा यांनीं स्वतः न ओढणाऱ्या ९० हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची माहिती गोळा करून १९८१ सालीं दाखविलें कीं, ज्यांचे पति फार सिगारेटी ओढीत त्या स्त्रियांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणांत झाला. घरांतील लहान मुलांना या धुरानें दमा, छातींतील कफ व कान फुटण्याचे विकार अधिक होतात. तान्ह्या मुलांच्या आकस्मिक मृत्यूशींहि त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. भारतांत २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास कडक बंदी आहे. म्हणजे कचेरी, उपाहारगृह व आगगाडी यांतील परक्या माणसांना कायद्यानें संरक्षण दिलें. पण घराच्या उंबरठ्याच्या आंत तो कायदा येत नाहीं. जें आपण कचेरींतील शिपायाच्या नाकापुढें करूं शकत नाहीं, तें आपल्या नातवाच्या पाळण्याशेजारीं करतों, याचा विचार घरोघर व्हावयास हवा. खिडकी उघडल्यानें किंवा सज्जांत उभें राहिल्यानें धूर पुरता जात नाहीं. कपड्यांना व केंसांना लागून तो आंत येतोच.

इतकें सारें ठाऊक असून शहाणीं माणसें ही सवय कां सोडीत नाहींत? त्यांची इच्छाशक्ति दुर्बळ असते, असें उत्तर न ओढणारे लोक मोठ्या समाधानानें देतात. हें उत्तर अन्यायाचें तर आहेच, शिवाय चुकीचें आहे. झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूंत पोंचतें. शिरेंत टोंचलेल्या औषधालाहि इतकी घाई साधत नाहीं. तेथें तें सुखाची जाणीव देणाऱ्या केंद्राला चाळवितें. मेंदू या रोजच्या पाहुण्यासाठीं नव्या जागा तयार करतो आणि मग त्या जागा रिकाम्या राहिल्या कीं अस्वस्थ होतो. रक्तांतील निकोटिन सुमारें २ तासांत निम्म्यावर येतें, म्हणून दर तासा-दोन तासांनीं चुळबूळ सुरू होते. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणें हीं तिचीं लक्षणें. सिगारेट पेटवितांच तीं शमतात, आणि मनुष्य म्हणतो, 'हिच्यामुळें मला शांति मिळते.' वास्तविक मागच्या सिगारेटीनें लावलेली कळ पुढची सिगारेट थांबवीत असते. सावकारानें व्याजापुरते पैसे पुन्हां उसने द्यावे आणि ऋणकोनें त्याला उपकारकर्ता समजावें, तसा हा प्रकार आहे.

या शारीरिक बंधनाला संकेतांचें दुसरें बंधन जोडलेलें असतें. चहाचा पेला, जेवणानंतरची वेळ, सकाळचा शौचविधि, कचेरींतील मित्राची हांक, मनावरचा ताण, या प्रत्येकाशीं विडीची गांठ हजारों वेळां बांधली गेलेली असते. म्हणून निकोटिनची मागणी संपल्यावरहि कित्येक महिने चहाबरोबर हात खिशाकडे जातो. सोडणाऱ्यानें या दोन्ही गांठी ओळखल्या पाहिजेत, कारण दोहोंचे उपाय निरनिराळे आहेत.

प्रथम तारीख ठरवावी. ती फार लांबची नको. आठपंधरा दिवसांच्या आंतील असावी. तोंपर्यंत आपण केव्हां केव्हां ओढतों व त्या वेळीं काय घडत असतें, तें एका कागदावर लिहून काढावें. घरच्यांना व जवळच्या मित्रांना तारीख सांगून टाकावी. आदल्या रात्रीं पाकिटें, काड्यापेटी, रक्षापात्र सर्व घराबाहेर काढावें. 'अडीअडचणीसाठीं' एकहि ठेवूं नये. आणि ठरलेल्या दिवसापासून पूर्णपणें थांबावें. हळूहळू कमी करीत जाणाऱ्यांपेक्षां एकदम थांबणाऱ्यांना यश कांहींसें अधिक येतें, असा अनुभव पाहण्यांतून आलेला आहे.

पुढें काय होईल हें आधीं माहीत असलें म्हणजे मनुष्य घाबरत नाहीं. पहिला आठवडा सर्वांत कठीण. दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. झोंप नीट लागत नाहीं, राग लवकर येतो, भूक वाढते, कोणाकोणाला बद्धकोष्ठ होतें. कित्येकांचा खोकला आरंभीं वाढतो. तेव्हां भिण्याचें कारण नाहीं, श्वासनलिकेंतील झाडणारे केस पुन्हां कामावर रुजू होत असतात. मात्र तो कांहीं आठवड्यांत थांबला नाहीं किंवा रक्त पडलें, तर डॉक्टरांना दाखवावें. ओढण्याची तीव्र लहर येते ती बहुधा ३ ते ५ मिनिटांची असते. तेवढा वेळ पुढें ढकलावी: पेलाभर पाणी सावकाश प्यावें, दीर्घ श्वास घ्यावे, जागेवरून उठून फेरी मारावी, तोंडांत लवंग किंवा बडीशेप धरावी. लहर न पुरवितां गेली म्हणजे पुढची थोडी क्षीण होऊन येते. आणखी एक बारीक गोष्ट: धूम्रपान बंद झाल्यावर चहाकॉफींतील उत्तेजक द्रव्य शरीरांत अधिक वेळ टिकतें. म्हणून त्या दिवसांत, विशेषतः कॉफी, निम्म्यानें कमी केली तर धडधड व निद्रानाश यांचा दोष उगाच तंबाखूच्या त्यागावर येत नाहीं. वजन वर्षभरांत सरासरीनें ४-५ किलो वाढतें. रोज फिरावयास गेल्यानें तें आटोक्यांत राहूं शकतें.

बांधणारा एक व मारणारे दुसरे, असें मी मघाशीं म्हटलें. औषधोपचाराचें तत्त्व त्यावरच उभारलेलें आहे. निकोटिनयुक्त चघळण्याच्या गोळ्या व अंगावर लावण्याच्या पट्ट्या मिळतात. त्यांतून थोडें निकोटिन मिळतें, पण धूर, कीट व विषारी वायु मिळत नाहींत. आणि कांहीं आठवड्यांत हा आधारहि क्रमानें काढून घेतां येतो. ही गोळी नेहमींच्या चघळण्याच्या गोळीसारखी सारखी चावावयाची नसते. थोडी चावून, झिणझिण्या वाटूं लागतांच ती गाल व हिरडी यांच्या मध्यें धरून ठेवावी आणि कांहीं वेळानें पुन्हां चावावी. व्हॅरेनिक्लीन व ब्युप्रोपियॉन हीं पोटांत घेण्याचीं औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. सरकारतर्फे तंबाखू सोडणाऱ्यांसाठीं १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनि चालविला जातो; त्याचा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. कोणतीहि मदत न घेतां केवळ निश्चयावर सोडूं पाहणाऱ्या १०० माणसांपैकीं वर्षअखेर ३ ते ५ च टिकतात. सल्ला व औषध यांच्या साह्यानें हें प्रमाण कितीतरी वाढतें. मोडलेला पाय डॉक्टरांकडून बांधून घेण्यांत ज्याला कमीपणा वाटत नाहीं, त्याला यांतहि वाटूं नये.

याच संख्येंतून घरच्या मंडळींनींहि एक धडा घ्यावा. बहुतेकांना अनेक प्रयत्नांनंतर यश येतें. महिन्यानें एखाद्या लग्नांत किंवा दुःखाच्या प्रसंगीं एक सिगारेट ओढली गेली, तर 'पाहिलेंत, होणारच नव्हतें तुमच्यानें' हें वाक्य जितकी हानि करतें तितकी ती सिगारेटहि करीत नाहीं. परीक्षेंत एक उदाहरण चुकलें म्हणून सगळा अभ्यास वायां गेला असें कोणी मानीत नाहीं. कोठें घसरलें तें पाहावें, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां त्याच घटकेपासून पुन्हां सोडावी. पहिल्या पंधरवड्यांतील चिडचिड घरांनें औषधाची किंमत समजून सोसावी. टोंचून बोलूं नये, झडती घेऊं नये, आणि न ओढलेल्या दिवसांची मोजणी आनंदानें करावी.

मात्र एका खड्ड्यापासून जपावयास हवें. महाराष्ट्रांत २०१६-१७ सालच्या पाहणींत धूर ओढणारे प्रौढ शेंकडा ४ हूनहि थोडे कमी होते. पण तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे व तत्सम शेंकडा २४ च्या घरांत होते. विडी सोडून तंबाखूची चिमूट दाढेंत धरणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं फुप्फुसाची पीडा थोडी उणी करून तोंडाच्या कर्करोगाला वाट करून दिलेली असते. बंधन तेंच राहतें. विजेच्या सिगारेटींवर तर आपल्या देशांत २०१९ पासून बंदीच आहे.

आतां तो राहिलेला हिशेब. शेवटच्या सिगारेटीनंतर २० मिनिटांत नाडीचा वेग उतरूं लागतो. एका दिवसांत रक्तांतील विषारी वायु जवळजवळ निघून जातो. कांहीं आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारतें, पुढें महिन्यामहिन्यानें धाप व खोकला कमी होतो, अन्नाची चव व फुलांचा वास परत येतो. एका वर्षांत हृदयविकाराचा जादा धोका सुमारें निम्मा होतो. १० वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगानें मरण्याचा धोका ओढीत राहिलेल्याच्या सुमारें निम्म्यावर येतो. आणि त्या ब्रिटिश डॉक्टरांच्या नोंदवहींत असें आढळलें कीं, ज्यांनीं ३० व्या वर्षाच्या सुमारास सोडली त्यांनीं गमावलीं असतीं तीं जवळजवळ सर्व १० वर्षें वांचविलीं. ४० व्या वर्षीं सोडणाऱ्यांनीं सुमारें ९, ५० व्या वर्षीं सोडणाऱ्यांनीं सुमारें ६, आणि ६० व्या वर्षीं सोडणाऱ्यांनींहि सुमारें ३ वर्षें मिळविलीं.

हा शेवटचा आंकडा माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. 'आतां सोडून काय उपयोग, जें व्हावयाचें तें होऊन गेलें,' असें साठी उलटलेले गृहस्थ म्हणतात. या वयांत ३ वर्षें थोडीं नव्हेत. तेवढ्यांत नात शाळेंत जाऊं लागते, मुलाचें घर उभें राहतें, एखादें अर्धें राहिलेलें काम तडीस जातें. शिवाय तीं वर्षें श्वासासाठीं धडपडत अंथरुणावर काढावयाचीं, कीं आपल्या पायांनीं देवळापर्यंत वा बाजारापर्यंत चालत जाऊन काढावयाचीं, हाहि प्रश्न आहे. त्याचें उत्तर पुष्कळ अंशीं अजून आपल्याच हातीं आहे. ज्यांच्या घरीं कोणी ओढत असेल त्यांनीं आज रात्रीं उपदेश न करतां एवढेंच विचारावें, 'तारीख कोणती धरूं या?' आणि जे स्वतः ओढतात त्यांनीं दिनदर्शिका हातीं घेऊन त्या प्रश्नाचें उत्तर द्यावें.